अपंगांचा ग्रुप बंद पडतो तेव्हा नेमकं काय जातं?

मोबाइलवरचा एखादा ग्रुप बंद पडला, यात बहुतेकांना विशेष काही वाटत नाही. शाळेच्या बॅचचा बंद पडतो, भिशीचा पडतो, महिन्याभरात दुसरा निघतो. अपंग माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मिळून चालवलेल्या ग्रुपचं तसं नसतं. मराठवाड्यात असे ग्रुप जागोजागी आहेत. कुठे मणक्याला मार लागलेल्यांचा, कुठे सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचाल अवघड होणं) असलेल्या मुलांच्या आईवडिलांचा, कुठे अंध विद्यार्थ्यांचा, कुठे थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांच्या पालकांचा. त्यांची नोंदणी नसते, अनुदान नसतं, बोर्ड नसतो. तरी दवाखाना, तहसील, शाळा, बँक यांनी जे काम करायला हवं आणि होत नाही, त्यातलं बरंचसं हे ग्रुप फुकट करत असतात. म्हणून असा एक ग्रुप बंद पडला की लोकांना मिळणारी एक सेवाच बंद पडते. फक्त त्याची नोटीस कुठे लागत नाही.

दवाखान्यापासून सुरुवात करते. मणक्याच्या इजेचं उदाहरण घेते, कारण ते आमच्या घरातलं आहे. माझा धाकटा भाऊ विहिरीच्या खोदकामावर असताना वरून पडला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण छातीखालची संवेदना गेली. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं होती आणि पुन्हा दाखवायला या असं लिहिलेलं होतं. घरी आल्यावर जे करायचं असतं, त्यातलं जवळपास काहीच त्यावर नव्हतं.

अंथरुणावर असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची. खुर्चीत बसला असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे वाकून बुडाखालचा दाब हलका करायचा. ज्या अंगाला संवेदना नाही तिथला रक्तपुरवठा थांबला तरी दुखत नाही, आणि दुखलं नाही की माणूस हलत नाही. त्यातून बेडसोर, म्हणजे दाबाने पडणारी जखम, होतो. माहितीपत्रकातल्या चित्रात बेडसोरची सुरुवात लाल डागाने दाखवलेली असते. आमच्याकडच्या सावळ्या कातडीवर तो लाल डाग दिसतच नाही. तिथे रोज हात फिरवून बघायचं. एखादी जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, टणक लागते का, काळपट पडली आहे का. हे आम्हाला आमच्या मणक्याच्या रुग्णांच्या ग्रुपमधल्या परभणीकडच्या एका काकूंनी सांगितलं. त्यांनी स्वतःच्या मुलाची पाठ बघून बघून ते शिकलेलं होतं.

याहून मोठी गोष्ट पुढची. मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या आसपास किंवा त्याच्या वर असेल, तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया नावाचा प्रकार होऊ शकतो. नाव अवघड आहे, पण गोष्ट समजण्यासारखी आहे. लघवीची पिशवी तुंबली, लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) वाकली, शौच अडकलं, किंवा अंगाखाली काही टोचत राहिलं, की इजेच्या खालचं शरीर धोक्याचा इशारा देतं. मधला रस्ता तुटलेला असल्यामुळे तो इशारा मेंदूपर्यंत नीट पोचत नाही आणि मेंदूचा आवर घालणारा निरोप खाली येत नाही. खालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकतं, चेहरा तापतो, इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम येतो. बघणाऱ्याला वाटतं चक्कर आली, म्हणून तो माणसाला आडवं करतो. नेमकं तेच करायचं नसतं. आडवं केलं की दाब आणखी वाढतो. उठून बसवायचं, पाय खाली सोडायचे, कपडे सैल करायचे, नळी तपासायची. तरीही उतरलं नाही तर तडक दवाखाना, कारण मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा मध्यरात्र उलटून गेल्यावर भावाला असंच झालं. आई त्याला झोपवायला लागली. मी ग्रुपवर बोलून टाकलं, "डोकं फुटायलंय म्हणतोय, घाम लई यायलाय, काय करू?" मिनिटाच्या आत लातूरकडच्या एका भाऊंचा आवाज आला. "ताई, आधी उठून बसवा त्याला. झोपवू नका. पाय खाली सोडा. आता नळी बघा, मांडीखाली दबली आसंल." नळी खरंच मांडीखाली दबलेली होती. ती मोकळी केली, पिशवीत लघवी उतरली, आणि थोड्या वेळात त्याचा चेहरा निवळला. ते भाऊ स्वतः मानेच्या इजेमुळे बरीच वर्षं खाटेवर होते. रात्री झोप येत नाही म्हणून जागे असायचे. आमच्यासारख्या कितीतरी घरांनी त्या जागरणाचा आधार घेतला.

जवळच्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी असा रुग्ण पाहिलेलाच नव्हता. मी त्यांना दोष देत नाही. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत मणक्याच्या इजेचे रुग्ण असून असणार किती? पण आठ जिल्ह्यांतले असे रुग्ण एका ठिकाणी आले की तोच दुर्मीळ अनुभव रोजचा होतो. एका गावात जो एकटा असतो, त्याच्यासारखे शंभर जण त्याला तिथे भेटतात. अशा ग्रुपचं सगळं बळ यातून येतं.

समाजशास्त्रात याला चांगला आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी अभ्यासकाने १९७३ साली दाखवून दिलं की नवी माहिती आपल्याला जिवलगांकडून कमी आणि तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते. कारण साधं आहे. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. दूरच्या माणसाचं जग वेगळं, म्हणून त्याच्याकडची खबर नवी. अपंग माणसाच्या बाबतीत ही गोष्ट दुप्पट खरी ठरते. गावात माया करणारे पुष्कळ असतात, पण त्यांच्यातल्या कुणालाच कॅथेटर किती तासांनी घालायचा ते माहीत नसतं. ते हिंगोलीतल्या अनोळखी माणसाला माहीत असतं.

आता कागदपत्रांकडे वळते, कारण ग्रुपवरचं निम्मं बोलणं त्याचंच असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, नव्यात एकवीस आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल, ऑटिझम, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेले असे कितीतरी लोक त्यात आले. सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनवरून चार टक्के झालं. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं, आणि ते सिद्ध करायला यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. २०२४ च्या नियमबदलानंतर कार्डाचे तीन रंग झाले. ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० मध्ये पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं.

इतकं वेबसाइटवर सापडतं. सापडत नाही ते असं: आपल्या जिल्हा रुग्णालयात कानाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात. आधारवर वडिलांचं नाव वेगळं असेल तर आधी काय दुरुस्त करायचं. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे अचानक थांबले तर ते हयातीच्या दाखल्यामुळे थांबले की बँकखात्याला आधार जोडलेलं नसल्यामुळे, हे कोणत्या खिडकीवर कळतं. पाच टक्के निधी म्हणून ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, तो मागायला अर्ज कसा लिहायचा. ही माहिती फक्त त्याच महिन्यात तेच काम करून आलेल्या माणसाकडे असते. ती शिळीही लवकर होते, म्हणून कुणी एकदा छापून ठेवून भागत नाही. रोज ये-जा करणारी माणसं लागतात.

मुलांच्या पालकांच्या ग्रुपमधली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती फार थोड्या घरांना वेळेत कळते. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होतं. आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बँक सही मागते आणि घोळ सुरू होतो. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे पालकत्वासाठी अर्ज करायचा असतो. याच कायद्याखाली निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या आया या गोष्टी आधीच त्या वाटेने गेलेल्या आयांकडून ऐकतात. तो दुवा तुटला की पुढच्या आईला सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं.

परीक्षांचंही तेच. अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण परीक्षा केंद्रावरच्या पर्यवेक्षकाने "असा काही नियम आम्हाला आलेला नाही" म्हटलं की त्या मुलाने करायचं काय? तेव्हा कुणीतरी तो आदेश, पान क्रमांकासकट, तिथल्या तिथे फोनवर पाठवतं. अर्ध्या तासात वर्ष वाचतं.

कुणी म्हणेल, मोबाइलवरच कशाला, महिन्यातून एकदा तालुक्याला भेटा की. असं सुचवणाऱ्याने चाकाची खुर्ची घेऊन एसटीच्या पायऱ्या चढून बघाव्यात. आमच्याकडे तालुक्याच्या कितीतरी कचेऱ्या जिना चढून वर आहेत. आणि उन्हाळा! मणक्याला वरच्या भागात इजा झाली की इजेच्या खालच्या अंगाला नीट घाम येत नाही, शरीराला स्वतःला थंड करता येत नाही. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात अशा माणसाने दुपारी बाहेर पडणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. त्यात ऊसतोडीचा हंगाम. दिवाळीच्या आगेमागे घरातली धडधाकट माणसं कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, गावात म्हातारी, लेकरं आणि अपंग माणूस मागे राहतात. त्या महिन्यांत त्याला हात देऊन दारापर्यंत नेणारंही कुणी नसतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण २९ लाख ६० हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. देशभरातल्या अपंग व्यक्तींपैकी तर दर दहांतले जवळपास सात जण खेड्यात राहणारे होते. त्यांच्यासाठी फोन ही चैन नाही, घराबाहेर पडायचा तोच एक रस्ता आहे.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मोबाइल नव्हते. घरं अंगावर पडून कायमची जायबंदी झालेली माणसं लातूर-धाराशिवच्या गावागावांत एकेकटी पडली. ज्याने त्याने आपापलं शिकून घेतलं. मला त्या माणसांची फार आठवण येते.

सगळ्यांची गरज सारखी नसते, हेही ध्यानात ठेवायला हवं. कर्णबधिर तरुणाला लिहिलेल्या मजकुराचा उपयोग बेताचाच, त्याला व्हिडिओ कॉल लागतो, कारण त्याची भाषा हातांची आहे आणि गावात ती कुणालाच येत नाही. त्याचा ग्रुप गेला म्हणजे दिवसाकाठी आपल्या भाषेत बोलण्याची एकमेव जागा गेली. अंध माणसाला उलट, शासन निर्णयाचा फोटो पाठवून उपयोग नाही. टॉकबॅकला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या सोयीला, फोटोतलं वाचून दाखवायला जमत नाही किंवा ते अर्धंमुर्धं वाचतं, म्हणून कुणीतरी तो मोठ्याने वाचून आवाजात पाठवावा लागतो.

तर असे ग्रुप बंद का पडतात? मोठ्या कंपनीने दुकानच बंद केलं असं जगभर घडलेलं आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. त्यांच्याबरोबर तिथं जमलेल्या लोकांचा वर्षानुवर्षांचा संवाद गेला. २९ जून २०२० ला भारताने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा तिथं माणसं जोडून बसलेल्यांना तयारीलाही वेळ मिळाला नाही. पण आपल्याकडचे बहुतेक ग्रुप कंपनीमुळे मरत नाहीत. ते एका माणसाच्या खांद्यावर उभे असतात आणि तो माणूस थकला, आजारी पडला, गेला, की संपतात.

यातली तांत्रिक बाजू समजून घेण्यासारखी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलेले निरोप कंपनीकडे साठून राहत नाहीत, ते ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असतात. म्हणजे ग्रुपचा साठा एका जागी नसतो. नवा माणूस आत आला तर आधीचं सगळं त्याला आपोआप दिसत नाही. फोन बिघडला, बॅकअप नव्हता, तर त्याच्यापुरतं सगळं पुसलं गेलं. चार महिने, म्हणजे १२० दिवस, खातं वापरलं नाही तर कंपनी ते साधारणपणे काढून टाकते. कुणाला आत घ्यायचं आणि कुणी लिहायचं हे अ‍ॅडमिनच्या हातात ठेवलेलं असतं.

आमच्या ग्रुपचं असंच झालं. निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराचा भडिमार सुरू झाला, म्हणून लातूरच्या त्या भाऊंनी 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' ही सेटिंग लावली. अ‍ॅडमिन ते एकटेच. प्रचार संपला की उघडतो म्हणाले. तेवढ्यात त्यांची पाठीची जखम चिघळली, रक्तात जंतू पसरले आणि ते गेले. सेटिंग तशीच राहिली. त्यांच्या जाण्याची बातमी आम्हाला एकमेकांना फोन करून कळली, ज्यांच्याकडे ज्यांचे नंबर जपून ठेवलेले होते तितक्यांनाच. ग्रुप सगळ्यांच्या फोनमध्ये होता, आणि श्रद्धांजलीचे दोन शब्दही कुणाला लिहिता येत नव्हते.

त्यानंतर जे वाटलं ते दुःखच होतं. नात्यातल्या लोकांना ते कळेना. "ग्रुपच होता ना, दुसरा काढा." केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखावर सविस्तर मांडणी केली, ज्या दुःखाला आजूबाजूचा समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. नातं रक्ताचं नसतं, सुतक नसतं, कुणी भेटायला येत नाही, दहावा-तेरावा नसतो. मग माणूस ते गिळतो, आणि गिळलेलं दुःख जास्त दिवस छळतं. अपंग माणसाच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. घरात तो सतत कुणाचं तरी ऐकून घेणारा, कुणावर तरी अवलंबून असलेला. ग्रुपमध्ये तो दुसऱ्याला सल्ला देणारा होता. कुणाला तरी त्याची गरज होती. माझा भाऊ नव्याने पडलेल्या मुलांना खुर्चीत कसं सरकायचं ते व्हिडिओ काढून दाखवायचा. ते थांबलं तेव्हा त्याचं जेवण कमी झालं, दाढी वाढली. डॉक्टरांच्या कागदात असं काही उतरत नाही. ज्याच्या घरात कुणी असा गप्प झाला असेल त्याने त्याला "दुसरा ग्रुप काढ" न म्हणता, त्यातली कोण कोण माणसं आठवतात ते विचारावं आणि एकेकाला फोन लावून द्यावा.

भांडणानेही ग्रुप फुटतात, त्यावर फार बोलत नाही. एक गोष्ट मात्र गंभीर आहे. मदतीसाठी म्हणून आधार कार्ड, यूडीआयडी, बँक पासबुक यांचे फोटो ग्रुपवर टाकले जातात आणि ते कुठे जातात याचा पत्ता नसतो. बायकामुलींचे नंबर उचलून रात्री-अपरात्री फोन करणारेही निघतात. मग बायका मुकाट्याने बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर निम्मं ज्ञान बाहेर जातं, कारण घरोघरी सेवा करणाऱ्या बहुतेक त्याच असतात. अशा वेळी तक्रार करणाऱ्या बाईला सांभाळून घ्यायचं आणि त्रास देणाऱ्याला काढायचं, इतकं अ‍ॅडमिनने ठामपणे करायलाच हवं.

चालू असलेला ग्रुप टिकवायचा तर तीन-चार अ‍ॅडमिन हवेत, तेही वेगवेगळ्या तालुक्यांतले, आणि त्यातली निदान एक बाई असावी. सभासदांचे नंबर, त्यांच्या परवानगीने, वहीत उतरवून दोन घरी ठेवावेत. कामाची माहिती निरोपांच्या गर्दीत सोडू नये. आवाजात आलेले चांगले सल्ले कुणीतरी लिहून काढावेत, आणि व्हॉट्सअ‍ॅपमधल्या 'एक्स्पोर्ट चॅट'ने अधूनमधून सगळं फाइलमध्ये उतरवून ठेवावं, आजाराचे खासगी तपशील गाळून. चालवणारा थकला असेल तर त्याने तसं उघड सांगावं आणि बंद करायचाच असेल तर महिनाभर आधी कळवावं, म्हणजे लोक एकमेकांचे नंबर घेऊन ठेवतील.

पण सगळा भार खाटेवरच्या माणसांनीच का वाहायचा? १९७२ साली अमेरिकेत बर्कलीला एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी अपंगांनीच चालवलेलं केंद्र उभं केलं. तिथे अनुभवी अपंग माणूस नव्या अपंग माणसाला वाट दाखवतो, हे केंद्राचं मुख्य कामच होतं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराने सव्विसाव्या कलमात, पुनर्वसनासाठी समदुःखी माणसांचा आधार हा मार्ग नाव घेऊन नोंदवला. भारताने तो करार १ ऑक्टोबर २००७ ला मान्य केला. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं झालं. म्हणजे कागदावर हे काम सरकारचं आहे.

तेव्हा मागणी करायची ती नेमकी करावी. जिल्हा रुग्णालयातून मणक्याचा रुग्ण किंवा पाय कापलेला रुग्ण घरी जाताना त्याच्या हातात त्याच्यासारख्याच, जिल्ह्यातल्या एका अनुभवी माणसाचा नंबर पडला पाहिजे, आणि त्या अनुभवी माणसाला त्या कामाचं मानधन मिळालं पाहिजे. जिल्हा पुनर्वसन केंद्रांमध्ये फिजिओथेरपिस्टच्या जागा असतात तशी या माणसाचीही जागा असावी, अंध, कर्णबधिर, मणक्याचे रुग्ण आणि पालक यांच्यासाठी वेगवेगळी. गावपातळीवर ग्रामसभेत पाच टक्के निधीतून अशा माणसांच्या फोनचा, प्रवासाचा खर्च द्यावा असा अर्ज टाकता येईल. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) नाही म्हणाले तर ते लेखी मागून घ्यावं, आणि त्या कागदाची प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यावी.